अमेरिकेतल्या शाळेत प्रीकॅल्क्युलस: वर्ग सुरू होण्याआधीची तयारी

मुलांच्या अकरावीच्या, कधीकधी दहावीच्याच वेळापत्रकात प्रीकॅल्क्युलस, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीचा गणिताचा विषय, दिसला की अमेरिकेतल्या मराठी घरांत पहिला बेत ठरतो तो सुट्टीत अर्धं पुस्तक उरकून टाकायचा. आईबाबांपैकी एक जण तरी इंजिनीअर असतो, त्रिकोणमितीची सूत्रं अजून तोंडपाठ असतात, त्यामुळे उत्साहाला तोटा नसतो. मला हा बेत पटत नाही. पुढचे धडे वर्गात शिकवले जाणारच आहेत. सुट्टीत करायचं ते अल्जेब्रा टूचं, म्हणजे त्याआधीच्या बीजगणिताच्या वर्गाचं, राहून गेलेलं काम. मुलं साइन-कोसाइनवर अडली असं आपल्याला वाटतं, पण उत्तरपत्रिका उघडून बघितली तर चूक बऱ्याचदा छेदात किंवा कंस सोडवताना झालेली असते.

म्हणून आधी कोरा कागद घ्या, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायला सांगा आणि बीजगणित तपासा. वर्गसमीकरणाचे अवयव चटकन पाडता येतात का? एक्स² + ६एक्स + ५ हे (एक्स + ३)² − ४ असं लिहिता येतं का? ८ चा दोन-तृतीयांश घात ४ कसा, हे तोंडी समजावता येतं का? एक्स² + ९ चं वर्गमूळ एक्स + ३ असं लिहून मोकळी होणारी मुलं हुशार वर्गांतही असतात. तसं दिसलं तर रागावू नका, एक्सच्या जागी ४ घालायला सांगा. एकीकडे ५ येतात, दुसरीकडे ७. पुन्हा सहसा सांगावं लागत नाही. मग एक्स² − ९ ला एक्स − ३ ने भागायला द्या. उत्तर एक्स + ३ येईल, पण एक्स ३ असताना काय होतं हेही विचारा. आलेखात त्या जागी भोक राहतं, आणि पहिल्या काही आठवड्यांतच वर्गात हा मुद्दा येतो.

फंक्शनचं लेखन हा दुसरा खड्डा. एफ(एक्स) + ३ म्हणजे आलेख वर सरकतो, हे पटतं. पण एफ(एक्स − ३) म्हणजे तो उजवीकडे सरकतो, इथे जवळपास प्रत्येकाचा गोंधळ होतो, कारण वजा दिसलं की मन डावीकडे धावतं. नियम पाठ करून घेऊ नका. चार-पाच किमतींचा तक्ता करायला लावा, बिंदू मांडू द्या. या एका गोष्टीवर सुट्टीतली एखादी दुपार गेली तरी चालेल, कारण पुढे लॉगॅरिदम असो की साइनची लाट, सगळीकडे हेच सरकणं, ताणणं आणि उलटं करणं आहे.

त्रिकोणमितीचं आधी फार करायची गरज नाही. रेडियनशी ओळख हवी, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककाशी, १८० अंश म्हणजे पाय (π) रेडियन, आणि पहिल्या चरणातले ३०, ४५, ६० अंशांचे साइन-कोसाइन यायला हवेत. उरलेलं एकक वर्तुळ (त्रिज्या १ असलेलं) सममितीवरून काढता येतं, ते घोकायला लावणं मला अन्याय वाटतो.

आता वर्गात काय मागतात ते. आपल्या अकरावीत ‘सिद्ध करा’ लिहिलेलं असे आणि डावी बाजू उजवीसारखी झाली की पाच ओळींत सुटका होई. इथे तक्ता, आलेख, सूत्र आणि शब्द या चारही रूपांत तीच गोष्ट ओळखावी लागते आणि कारण पूर्ण वाक्यात लिहावं लागतं, एककासकट. ‘वाढतंय’ एवढं पुरत नाही. वाढीचा वेग वाढतोय की मंदावतोय, हेही सांगायचं. गणितात पहिले आणि लिहायला कंटाळणारे इथे गुण घालवतात. सुट्टीत रोज एका गणिताखाली दोन वाक्यं लिहायची सवय लावा, भाषा साधी असली तरी चालेल.

शाळेत एपी प्रीकॅल्क्युलस असेल तर त्याची रचना आधीच बघून ठेवा. एपी म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय, ज्याच्या परीक्षेवर पुढे कॉलेजात क्रेडिट (श्रेयांक) मिळू शकतं. एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने हा विषय २०२३ च्या शालेय वर्षापासून आणला आणि पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली, म्हणजे वरच्या भावंडांच्या जुन्या वह्या उपयोगी पडतीलच असं नाही. चार घटक आहेत: बहुपदी आणि परिमेय फंक्शन, घातांकी आणि लॉगॅरिदमिक, त्रिकोणमिती आणि पोलर, आणि शेवटी पॅरामीटर, व्हेक्टर, मॅट्रिक्स. परीक्षेला पहिले तीनच. चौथा शिकवायचा की नाही हे शाळा ठरवते. पहिल्या परीक्षेत ४० बहुपर्यायी प्रश्न होते, त्यांतले २८ कॅल्क्युलेटरविना, आणि लेखी प्रश्न चार, त्यांतल्या दोनांनाच कॅल्क्युलेटर चालत होता. सेमी-लॉग आलेखही, म्हणजे ज्याच्या एका अक्षावर लॉगॅरिदमची मोजपट्टी असते तो, अभ्यासक्रमात आहे. इंजिनीअर आईबाबांनी तो कागद प्रयोगवहीत चिकटवलेला असेल, तेव्हा हा भाग तुम्हीच शिकवा.

एपी घ्यायचाच, असा हट्ट मात्र नको. इंजिनीअरिंगच्या बहुतेक शाखांत गणित कॅल्क्युलसपासूनच मोजलं जातं, त्यामुळे या क्रेडिटचा फायदा मर्यादित. ऑनर्स (शाळेचाच जरा वरच्या पातळीचा) किंवा साध्या वर्गात बऱ्याचदा शांकव, श्रेढी, द्विपद प्रमेय असे विषय येतात, आणि कॅल्क्युलसची तयारी त्यातूनही नीट होते.

कॅल्क्युलेटर घाईने विकत घेऊ नका. बऱ्याच वर्गांत टीआय-८४ हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर चालतो, काही शिक्षक डेस्मॉस या ऑनलाइन कॅल्क्युलेटरवरच शिकवतात, काही शाळा वर्षभरासाठी उसना देतात. आधी विचारा. हातात आला की रेडियन मोड कुठे असतो तेवढं दाखवा. एपीत दशांश उत्तर तीन स्थळांपर्यंत बरोबर लागतं, म्हणून मधल्या पायरीत आकडा छाटायचा नाही, हेही तेव्हाच सांगून टाका.

पहिल्या आठवड्यात सिलॅबसचा कागद सहीसाठी घरी येतो. सही करण्याआधी तो वाचा: चाचणी परत देता येते का, उशिरा दिलेल्या गृहपाठाचं काय, शिक्षक शाळेनंतर कधी भेटतात. गृहपाठाला गुण थोडे असले तर मुलं तो टाळतात आणि पहिल्या चाचणीत आपटतात, म्हणून सप्टेंबरभर तेवढं एक लक्ष ठेवा. एपीची नोंदणी शाळेतूनच होते आणि वर्षभराच्या विषयांसाठी ती नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी लागते. शाळेची स्वतःची तारीख त्याआधीचीही असू शकते. काही अडलं तर शिक्षकांना ईमेल मुलांनी स्वतः लिहावा. तुम्ही फार तर पाठवण्याआधी एकदा वाचून द्या.