गाडी एका बाजूला ओढते? ट्रिमला हात लावायच्या आधी हे करा

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी सरळ पट्ट्यात एका बाजूला ओढायला लागली की पहिला हात जातो रेडिओच्या (रिमोटच्या) ट्रिमवर, म्हणजे स्टिअरिंगचा मध्य सरकवणाऱ्या बटणावर, आणि गडबड तिथेच सुरू होते. ट्रिम मारून गाडी सरळ जाते खरी, पण डावीकडे एक प्रकारे वळते आणि उजवीकडे वेगळीच, मग टायर बदला, शॉक उघडा, तेल बदला. माझा अख्खा रविवार असा गेलाय म्हणून कळकळीने सांगतोय. खालचं सगळं १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या) टूरिंग, म्हणजे सपाट ट्रॅकवर पळवायच्या गाडीचं आहे.

मोजायला सपाट जागा हवी, घरातली फरशी चालत नाही. ग्रॅनाइटवाल्याकडे कटिंगचा उरलेला तुकडा मिळतो, तो मस्त. गाडीत बॅटरी ठेवा, गाडी दाबून सोडा, मग मोजा.

आता सर्वो, म्हणजे चाकं वळवणारी मोटर. त्याच्यावरचा हॉर्न (फिरणारा छोटा दांडा) काढा, रेडिओ चालू करा, ट्रिम आणि सबट्रिम (मध्य बारीक जुळवायची रेडिओतली सेटिंग) दोन्ही शून्यावर आणा आणि मग हॉर्न लिंकला (स्टिअरिंगकडे जाणाऱ्या दांड्याला) काटकोनात बसवा. २५ दातांच्या सर्वोत एक दात म्हणजे १४.४ अंश, त्यामुळे हॉर्न अगदी काटकोनात बसेलच असं नाही, जवळच्या दातावर बसवायचा आणि जो थोडा फरक राहतो तेवढाच सबट्रिमने काढायचा.

टर्नबकल म्हणजे फिरवून लांबी बदलता येणारा दांडा. त्याच्या एका टोकाला सुलटे आटे असतात, दुसऱ्याला उलटे. सगळे एकाच दिशेने बसवा म्हणजे पाना कुठे फिरवला की लांबी वाढते हे प्रत्येक वेळी आठवावं लागत नाही. डावी-उजवी लांबी व्हर्नियरने सारखी करून घ्या.

टोच्या (वरून पाहिलं तर चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) आधी कँबर (समोरून पाहिलं तर चाक कललेलं असण्याचा कोन) लावून घ्या, कारण कँबर हलला की टो पण हलतो. पुढे मी साधारण १ अंश टो-आउट ठेवतो, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला किंचित उघडी. सेटअप स्टेशन (चाकांचे कोन मोजायचं साधन) नसेल तर टायरच्या पुढच्या कडांमधलं अंतर आणि मागच्या कडांमधलं अंतर मोजा, ६३ मिमीच्या टायरला दोन्हींत २.२ मिमी फरक आला की प्रत्येक चाकाला १ अंश झाला. लिंक ॲक्सलच्या मागे असेल तर टर्नबकल आखूड केला की टो-आउट वाढतो, दोन्हीकडे सारखाच फिरवा.

अ‍ॅकरमनला (वळताना आतल्या आणि बाहेरच्या चाकाच्या कोनातला फरक) नवीन असताना हात लावू नका असं माझं मत. वळणात आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं म्हणून ते जास्त वळायला हवं, पण फार वळलं तर घासतं आणि वेग खातं.

बंप स्टिअर, म्हणजे सस्पेन्शन वर-खाली होताना चाक आपोआप वळणं, मात्र बघाच. पुढचे शॉक काढा, चाकं सरळ ठेवून सस्पेन्शन हळूहळू वर-खाली करा आणि टायरच्या पुढच्या कडेवर नजर ठेवा. कड आत-बाहेर जात असेल तर नकलवरच्या (चाक धरणाऱ्या भागावरच्या) बॉलस्टडखाली (लिंक अडकवायच्या गोल डोक्याच्या स्क्रूखाली) अर्ध्या मिमीची शिम (पातळ चकती) टाका, परत बघा, वाढलं तर काढा. हे नीट झालं की खडबडीत जागी गाडी हातात राहते, फरक लगेच कळतो.

शेवटी एंड पॉइंट, म्हणजे सर्वो किती फिरायचा त्याची रेडिओतली मर्यादा. फुल लॉकला (स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर) सर्वो गुणगुणत राहिला तर तो कुठेतरी अडून जोर लावतोय, आवाज थांबेपर्यंत एंड पॉइंट कमी करा. मग हळू वेगात दोन्हीकडे फुल लॉक मारून गोल फिरवा, खडूने खुणा करा, वर्तुळं सारखी यायला हवीत. कुठे आपटून परत ओढायला लागली तर आधी टर्नबकल वाकलाय का ते बघा.