गोष्टीच्या ऑनलाइन खेळासाठी खेळाडू जमवताय? या चुका टाळा

डिस्कॉर्डवर (गटाने बोलायच्या-लिहायच्या अॅपवर) मराठीतून सुरू झालेला फँटसी रोल-प्लेचा खेळ, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन मिळून रचायची अद्भुत गोष्ट, तिसऱ्या-चौथ्या बैठकीला थंडावतो, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खेळणाऱ्यांना नवीन नाही. गणपतीला गावी जमलेल्या दहा जणांनी "आम्ही पण खेळणार" म्हटलेलं असतं. दिवाळीनंतर व्हॉइस चॅनलमध्ये गेम मास्टर (गोष्ट चालवणारा) आणि त्याचा एखादा जुना मित्र, एवढेच उरतात. मग दोष गोष्टीला दिला जातो, नाहीतर "आपल्याकडे असलं काही चालत नाही" असं म्हणून विषय मिटवला जातो. मला हे पटत नाही. मोडलेल्या खेळाचं पहिलं बोलावणं काढून वाचलं, तर मोडण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. जे तेव्हाच सांगायला हवं होतं, ते सांगितलेलंच नसतं.

राज्याचा इतिहास आधी, खेळ नंतर

बोलावण्याच्या सुरुवातीलाच सात राजघराणी, दोन महायुद्धं आणि देवांची वंशावळ. लिहिणाऱ्याने त्यात महिने घातलेले असतात, त्यामुळे मोह समजू शकतो. पण वाचणाऱ्याला आधी एवढंच कळायला हवं असतं की मी कोण असेन, मला काय करायचंय आणि कुठल्या दिवशी. वंशावळ खेळता खेळता उलगडू द्या. बोलावणं साधारण एवढं असलं तरी भरपूर झालं:

"तीन पौर्णिमा झाल्या, ओहोटी आलेली नाही. खालची वाडी पाण्याखाली गेली, देवळाच्या दीपमाळेचं टोक तेवढं दिसतं. तुम्ही वरच्या वाडीत उरलेल्यांपैकी एक: होडी गमावलेला तांडेल, पदावरून काढलेला किल्लेदार, पाण्यातले आवाज ऐकू येणारी मुलगी. समुद्र का थांबलाय ते शोधायला कुणीतरी जायला हवं.

दर शुक्रवारी रात्री साडेनऊ ते बारा, डिस्कॉर्डवर, बोलून खेळायचं. तुळशीच्या लग्नानंतर सुरू, शिमग्याआधी पूर्ण. पाच खेळाडू, वय १८ च्या पुढे. मराठी बोला, मालवणी बोला. गोष्टीत मृत्यू आणि भीती आहे, लैंगिक हिंसा नाही. नियम मी शिकवेन, पुस्तक विकत घ्यायला नको. आधी एका रात्रीचा छोटा खेळ खेळून बघू."

पहिला परिच्छेद ओढ लावतो, दुसरा गाळणी लावतो. दोन्ही लागतात. खेळ कधी संपणार हे सांगायला बरेच जण कचरतात, पण शेवट ठरलेला असेल तर नोकरी-संसार सांभाळणारा माणूस हो म्हणायला धजावतो. "चालेल तितके दिवस" या शब्दांवर कुणी आपले शुक्रवार लिहून देत नाही.

"अनुभव आवश्यक" असं लिहिणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण आपल्या किनाऱ्यावर या खेळासाठी तयार झालेली माणसं आधीपासून आहेत. दशावतारी नाटकाला छापील संहिता नसते. कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं, प्रसंगांचा क्रम आणि कुणी कोणती भूमिका करायची तेवढं बोललं जातं, आणि रंगमंचावर उभं राहून नट स्वतःच संवाद रचतात. समोरच्याने टाकलेलं वाक्य झेलून पुढे न्यायचं, त्याला खाली न पाडता आपली बाजू मांडायची. गोष्टीच्या खेळात नेमकं हेच कसब लागतं. जत्रेत रात्ररात्र बसून ते पाहत वाढलेली मुलं फाशांचे नियम एका संध्याकाळीत शिकतात. उलट नियम तोंडपाठ असलेल्या माणसाला समोरच्याचं ऐकायला शिकवणं फार अवघड जातं.

तेव्हा बोलावण्यात अनुभवाची अट घालू नका. नियमांचं एक पान मराठीत करून ठेवा. या प्रकारच्या खेळांची सुरुवात १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून धरली जाते. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे 'एसआरडी ५.१', जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय नमूद करून त्यातला हवा तो भाग मराठीत आणायला आणि वाटायला परवानगी आहे. वीस बाजूंचा फासा टाका, आपल्या गुणाचा आकडा मिळवा, गेम मास्टरच्या मनातल्या आकड्याला गाठलं तर जमलं. पहिल्या रात्रीला एवढं पुरतं.

भाषेचंही तसंच. मालवणी, संगमेश्वरी, रायगडाकडची आगरी, ज्याला जी येते तिच्यात तो जास्त खुलतो, हे बोलावण्यात लिहून टाका. आणि मग खेळात प्रत्येक राजा पुस्तकी मराठी बोलतो, मालवणी मात्र फक्त विनोदी नोकराच्या तोंडी, असं करू नका. आलेल्या माणसाला ते पहिल्या तासात कळतं.

बोलून की लिहून, हे न ठरवणं

कोकणात हा प्रश्न आवडीचा कमी आणि टॉवरचा जास्त आहे. बोलून खेळायचा खेळ गोडीचा असतो, पण सगळ्यांना एकाच वेळी अडीच तास सलग रेंज लागते. मृग लागल्यावर वाडीवस्तीत लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, हे इथे कुणाला सांगायला नको.

लिहून खेळायच्या खेळात प्रत्येकाने आपल्या सवडीने आपल्या पात्राचं म्हणणं, करणं लिहायचं. रेंज अर्धा तास आली तरी काम भागतं. पण त्याचीही अट सांगावी लागते: "दोन दिवसांत निदान एक पोस्ट, चार ओळी चालतील." ही अट नसली की एकाच्या उत्तरासाठी बाकीचे चौघे खोळंबतात आणि खेळ निजतो.

माझा सल्ला असा की जून ते सप्टेंबर लिहून खेळा, थंडीत बोलून. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्याने मच्छीमार घरांतल्या पोरांना संध्याकाळी सवड असते, आणि लिहायच्या खेळाला नवे खेळाडू मिळायला हा काळ चांगला आहे. बोलून खेळताना आवाज तुटत असेल तर गेम मास्टरने व्हॉइस चॅनलच्या सेटिंगमध्ये बिटरेट (आवाजासाठी दर सेकंदाला जाणारा डेटा) ६४ वरून ३२ केबीपीएसवर आणून बघावा. बोलणं कळण्याइतकं स्पष्ट राहतं. व्हिडिओचा आग्रह तर धरूच नये.

कॅलेंडर न बघता वार ठरवणं

शहरातल्या गेम मास्टरला वाटतं शनिवारी रात्री सगळे मोकळे. आपल्याकडे तसं नाही. मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत बागायतदारांच्या घरी आंबा काढणं, निवडणं, पेट्या भरणं रात्री उशिरापर्यंत चालतं. शिमग्यात पालखी घरोघर फिरते. गणपतीत रोज रात्री भजनं. ऑक्टोबरात भातकापणी. नोव्हेंबरपासून जत्रा, पण त्या गावागणिक एखाद-दुसऱ्या रात्रीच्या, तेवढी सुट्टी देता येते. म्हणूनच वरच्या नमुन्यात तुळशीचं लग्न ते शिमगा असा पट्टा धरलाय. त्यात बारा-तेरा बैठका सहज बसतात, आणि एका पूर्ण गोष्टीला तेवढ्या पुरतात.

मुंबईचे चाकरमानी आणि आखातात कामाला असलेले गाववाले हे या खेळाचे हक्काचे खेळाडू. घरच्या भाषेत चार माणसांशी बोलायला मिळतं म्हणून ते मनापासून येतात. पण दुबई आणि मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत, कतार, सौदी अडीच तास मागे. आपले साडेनऊ म्हणजे कुवेतला सात, तेव्हा माणूस अजून कामावरून परतत असतो. वेळ लिहिताना "भारतीय वेळ" असं स्पष्ट लिहा, किंवा डिस्कॉर्डचा इव्हेंट लावा, तो प्रत्येकाला त्याच्या तिथली वेळ दाखवतो.

दिसेल त्या ग्रुपवर टाकणं

वाडीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, क्रिकेट मंडळ, सगळीकडे एकच मेसेज. त्यातून अंगठे मिळतात, खेळाडू मिळत नाहीत. त्यापेक्षा जिथे गोष्टीत रमणारी माणसं बसतात तिथे चार जणांशी समोरासमोर बोला: कॉलेजातली एकांकिकेची टीम, दशावतारी मंडळातले तरुण, वाचनालय. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. कल्पित कथांच्या कपाटापाशी रेंगाळणारा वाचक तिथे सापडेलच. ग्रंथपालांची परवानगी घेऊन सूचनाफलकावर अर्धं पान लावा.

कोण कोण असणार, हे गुलदस्त्यात ठेवणं

अनोळखी पुरुषांच्या टोळक्यात रात्री साडेनऊ वाजता बोलायला यायचं का, असा विचार मुलीच्या मनात येतोच, आणि तो रास्त आहे. नावनोंदणीसाठी व्हॉट्सअॅप ग्रुप काढलात की तिचा नंबर सगळ्यांच्या हातात जातो. ज्या मुली खेळात उत्तम रमल्या असत्या, त्या इथेच मागे फिरतात. नोंदणी डिस्कॉर्डवर टोपणनावाने घ्या, फोटो मागू नका, सुरुवातीला बोलण्याऐवजी लिहून भाग घ्यायची मुभा द्या. त्रास झाला तर कुणाला सांगायचं आणि मग काय होईल, हेही आधीच लिहा. "मुलींना खास प्राधान्य" हे वाक्य मात्र गाळा. बघ्यांचं लक्ष नेमकं तिच्याकडे जातं.

वयाची अट हवीच. डिस्कॉर्ड वापरायला निदान १३ वर्षं पूर्ण लागतात, पण भीतीची, रक्तपाताची गोष्ट असेल तर १८ ची अट घाला. शाळकरी मुलांसाठी वेगळा खेळ करा, आईवडिलांना माहीत असू द्या.

गोष्टीत काय अजिबात येणार नाही आणि काय आलं तर पडद्याआड राहील, याची यादी पहिल्या बैठकीआधी सगळ्यांनी मिळून करायची पद्धत या खेळांत रुळलेली आहे. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांचं 'एक्स-कार्ड'ही उपयोगी पडतं: कुणाला एखादा प्रसंग सोसवेना तर चॅटमध्ये 'एक्स' एवढंच लिहायचं, प्रसंग तिथेच बदलायचा, कारण विचारायचं नाही. हे आम्ही पाळतो, असं बोलावण्यात दिसलं की बुजरी माणसंही पुढे येतात.

देवचाराला राक्षस करणं

आपल्या मातीतली फँटसी करायची म्हटली की हात आपोआप देवचार, वेताळ, राखणदार यांच्याकडे जातो. गिऱ्हा, मुंजा, हडळ यांच्याबद्दल गोष्टी रचायला सहसा कुणाची हरकत नसते. देवचार आणि राखणदार यांना मात्र गावं आजही मानतात, त्यांच्यापुढे गाऱ्हाणं घालतात. अशा देवस्थानाला तलवारीने मारायचा शत्रू केलंत, तर खेळाडू भांडणार नाही, तो गुपचूप यायचा थांबेल. नवी नावं घाला, नवी दैवतं रचा, आणि कुठल्या लोककथांचा आधार घेतलाय ते बोलावण्यातच सांगा. ज्याला नको वाटेल तो आधीच नाही म्हणू शकेल.

जो आधी आला तो घेतला

पहिले पाच अंगठे म्हणजे पाच खेळाडू नव्हेत. प्रत्येकाशी दहा मिनिटं बोला. कुठल्या रात्री जमणारच नाही? लढाई आवडते, कोडी, की माणसांमधली ओढाताण? आपलं पात्र हरलं तर चालेल का? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून बरंच कळतं. मग एका रात्रीचा सुटा खेळ खेळा. त्यात कोण दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देतो, कोण वेळेवर येतो, ते दिसतं. भाचा आहे, मित्र आहे म्हणून ही पायरी वगळू नका.

तरीही अडलं तर

सगळे हो म्हणतात आणि येत नाहीत: पाचांपैकी तिघं हजर असले की खेळ होणार, हे आधी ठरवा आणि पाळा. दोनदा रद्द झालेली बैठक तिसऱ्यांदा सहसा भरत नाही.

एकटाच बोलत राहतो: त्याला खेळाबाहेर, एकांतात सांगा. गेम मास्टरने नाव घेऊन विचारावं, "तू सांग, तुझं पात्र या वेळी काय करतं?"

मध्येच कुणी गायब झालं: एक निरोप, मग आठवडाभर थांबा. तोवर त्याचं पात्र गोष्टीत कुठेतरी सुखरूप ठेवा, मारू नका. घरातलं आजारपण निवळल्यावर परत आलेले खेळाडू मी पाहिलेत, आणि ते पुढे टिकले.

जागा भरल्या आणि आणखी तिघं वाट बघतायत: त्यांना "बघू" म्हणू नका. कोणत्या महिन्यात नवा खेळ सुरू होणार ते सांगा, आणि मधल्या काळात एखादा सुटा खेळ त्यांच्यासाठी ठेवा. त्यांच्यातलाच एखादा पुढे स्वतः गेम मास्टर व्हायला तयार होतो.