पॅनेलसमोर अवघड वेळ येते तेव्हा: एमएस्सी-पीएचडीच्या मुलाखतीसाठी मार्गदर्शन

मुलाखतीला निघालेल्या मुलामुलींना घरीदारी एकच सल्ला मिळतो: कॉन्फिडन्स ठेव, हसत राहा, ‘माहीत नाही’ असं कधी म्हणू नकोस. यातला शेवटचा भाग तर सरळ नुकसान करणारा आहे. नाशिकमध्ये मी विद्यार्थ्यांकडून या मुलाखतींची तयारी करून घेते. हुशार मुलं अडकतात ती ज्ञान कमी पडतं म्हणून नाही. खोलीतलं वातावरण बिघडलं की काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून अडकतात.

मुलाखतीचं वजन किती, ते आधी माहीत असू द्या. २०२२ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमावलीप्रमाणे विद्यापीठ पीएचडीसाठी स्वतःची प्रवेश परीक्षा घेतं, तेव्हा परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. जेआरएफ (संशोधनासाठीची राष्ट्रीय फेलोशिप) मिळालेल्यांची निवड मुलाखतीवरच होते.

१. निघण्यापूर्वी

कागदपत्रं, झेरॉक्स, इस्त्रीचे कपडे हे तुम्हाला सांगायला नको. पुण्याला सकाळची वेळ मिळाली असेल तर आदल्या दिवशीच जा, चाकणच्या ट्रॅफिकवर मुलाखत सोडू नका. पवईला, म्हणजे आयआयटी मुंबईत, सकाळी दहाला हजर व्हायचं असेल तर पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका.

तुमच्या अर्जातला प्रत्येक शब्द हा संभाव्य प्रश्न आहे. प्रोजेक्टमध्ये एखादं उपकरण वापरलं असं लिहिलं असेल, तर ते कोणत्या तत्त्वावर चालतं हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ती ओळ काढून टाका.

२. आत गेल्यावर

नमस्कार करा, बसा, विचारल्यावर आवडता विषय सांगा. तो खरंच आवडता असावा, कारण पुढचे प्रश्न बहुधा त्यातूनच येतात.

३. उत्तर येत नाही आणि समोर सगळे गप्प आहेत

खरी मुलाखत इथे सुरू होते. एमएस्सीनंतर मी स्वतः मुलाखती दिल्या तेव्हा मला सगळ्यात जड गेली ती हीच वेळ. प्रश्न पडतो, डोकं रिकामं होतं, पॅनेल बघत राहतं. त्या शांततेला घाबरून मुलं काहीही बोलू लागतात आणि त्या बोलण्यातून पुढचे तीन प्रश्न ओढवून घेतात.

पॅनेलवरची बहुतेक माणसं तुमच्या ज्ञानाची कड शोधत असतात. ती सापडेपर्यंत ते विचारत राहणार. त्यामुळे कधी ना कधी न येणारा प्रश्न येणारच, आणि तो आला म्हणजे मुलाखत बिघडली असं मुळीच नाही. त्या कडेवर तुम्ही कसे वागता, हे त्यांना बघायचं असतं.

पहिलं काम, प्रश्न स्वतःच्या शब्दांत परत म्हणा. वेळ मिळतो, आणि तुम्ही प्रश्न चुकीचा ऐकला असेल तर ते तिथेच कळतं. मग तुमचं ज्ञान नेमकं कुठपर्यंत आहे ते सांगा. नुसतं ‘माहीत नाही’ म्हणून खाली बघणं हे अर्धवट उत्तर आहे. ‘ही संख्या मला आठवत नाही, पण समीकरणावरून काढता येईल, फळ्यावर करू का?’ हे पूर्ण उत्तर आहे.

एक उदाहरण घ्या. तुम्ही नाशिकचे, विषय रसायनशास्त्र. कुणीतरी विचारणार, वाईनमध्ये अल्कोहोल किती असतं आणि का? आकडा पाठ नसेल तर घाबरू नका. फळ्यावर लिहा: ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात. म्हणजे १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल. घनता मिलिलिटरला ०.७८९ ग्रॅम धरली तर साधारण ११७ मिलिलिटर. लिटरभर रसात एवढी साखर असेल तर उत्तर अकरा-बारा टक्क्यांच्या आसपास येतं. लगेच स्वतःहून जोडा, की थोडी साखर यीस्टच्या वाढीत खर्च होते, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी. पुढचा प्रश्न येईल: मग साखर वाढवत नेली तर चाळीस टक्के का होत नाही? यीस्टला अल्कोहोल सोसत नाही एवढं माहीत असेल तर तेवढंच सांगा. पेशीत नेमकं काय बिघडतं ते माहीत नसेल तर ‘इथून पुढे माझा फक्त अंदाज आहे’ असं म्हणा, आणि मगच अंदाज सांगा. अंदाजाला अंदाज म्हणणारा विद्यार्थी पॅनेलला आवडतो. अंदाज ठोकून सत्य म्हणून खपवणारा त्यांना दोन मिनिटांत कळतो.

आता सर्वांत धोक्याची जागा. तुम्ही उत्तर देता आणि पॅनेलवरचे एक सर भुवया उंचावून विचारतात, ‘आर यू शुअर?’ बरोबर उत्तर दिलेली मुलं इथे ते बदलतात. हे मला अजिबात मान्य नाही. चेहरा बघून उत्तर बदलायचं नाही, गणित बघून बदलायचं. तुमची पायरी मोठ्याने परत तपासा. चूक सापडली तर ‘इथे चिन्ह चुकलं’ म्हणून दुरुस्त करा. एकदा सॉरी पुरे, पाच वेळा नको. चूक सापडली नाही तर शांतपणे म्हणा, ‘सर, मला हेच उत्तर येतंय, कारण असं.’ आणि थांबा. पुढे बोलत राहून स्वतःचंच उत्तर पातळ करू नका.

कुणी मोबाइल बघत असेल, कुणी हसलं, ‘हे तर बीएस्सीचं आहे’ असा टोमणा मारला, तर ज्या परीक्षकांचं लक्ष आहे त्यांच्याकडे बघून बोला. टोमण्यातला विषयाचा भाग उचला, बाकीचा सोडून द्या. इंग्रजी अडलं तर ‘मे आय एक्स्प्लेन धिस पार्ट इन हिंदी?’ असं विचारा. मराठी माध्यमातून आलेल्यांनी यात कमीपणा मानू नये. अडखळत्या इंग्रजीपेक्षा चुकीचं विज्ञान फार महाग पडतं.

४. प्रश्न विषयाचा नसेल तेव्हा

वरचं सगळं विषयाच्या दबावाबद्दल झालं. ‘लग्न कधी करणार?’, ‘मूल झाल्यावर लॅब कोण सांभाळणार?’, ‘कोणत्या कोट्यातून आलात?’ हा दबाव विषयाचा नाही आणि तो सोसणं ही तुमची परीक्षाही नाही. मुलींना मी एक वाक्य घोकून घ्यायला लावते: ‘सर, पूर्ण कालावधी देण्याची माझी तयारी आहे. कामाचा आराखडा सांगू का?’ जातीवरून खोचक बोललं गेलं तर: ‘मी नियमांप्रमाणे अर्ज केला आहे, विषयावरचे प्रश्न विचारावेत.’ आवाज चढवू नका, पण हसून साजरंही करू नका. ‘सगळीकडे असंच असतं, गप्प बस’ हा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांचं ऐकू नका.

शरीरावरून शेरा, लगट, ‘नंतर एकटीच केबिनमध्ये ये’ असं काही झालं तर उठून बाहेर या. जागा जाईल याची भीती वाटते, हे मला कळतं, तरीही उठा. यूजीसीच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी नियमांत, प्रवेश अजून झालेला नसला तरी प्रवेशाच्या प्रक्रियेत असलेल्या व्यक्तीला त्या संस्थेचा विद्यार्थी मानलं आहे. म्हणजे संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीकडे तुम्ही लेखी तक्रार करू शकता. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची असते. जातीच्या बाबतीत संस्थेचा एससी-एसटी सेल गाठा.

५. बाहेर आल्यावर

परतीच्या एसटीत किंवा गाडीत बसल्याबसल्या सगळं लिहून काढा: कोण काय म्हणालं, किती वाजता, खोलीत कोण होतं. तक्रार करायची असेल तर हा कागद लागतो. नसेल करायची तरी न आलेले प्रश्न पुढच्या मुलाखतीला उपयोगी पडतात, कारण एका विषयाचे प्रश्न संस्थासंस्थांत फिरत असतात.

प्रवेश मिळाला आणि तुम्हाला घालूनपाडून बोलणारेच गाइड वाट्याला येणार असतील, तर लगेच फी भरू नका. पीएचडी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची असते, वर मुदतवाढ वेगळी. त्यांच्या लॅबमधल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना फोन करा. ‘सर कसे आहेत?’ असं विचारू नका, सगळे ‘चांगले आहेत’ म्हणतील. विचारा, शेवटची पीएचडी किती वर्षांत पूर्ण झाली, मध्येच किती जण सोडून गेले, रिसर्च पेपरवर पहिलं नाव कुणाचं असतं, आणि सुट्टी मागितली की काय होतं. जो विद्यार्थी फोनवर बोलायला कचरतो, त्याला लॅबबाहेर चहाला भेटा.