असमानता सोडवताना: ज्याचं चिन्ह माहीत नाही, त्याने गुणू नका

अकरावी सायन्सला नुकताच प्रवेश घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. अवयव पाडता येतात, वर्गसमीकरण सुटतं, आलेखावर रेषा काढता येते आणि ऋण संख्येने गुणलं की असमानतेचं चिन्ह उलटतं हे ठाऊक आहे, एवढं धरून चालतो. हे सगळं येत असूनही असमानतेची उत्तरं चुकत असतील, तर कारण बहुतेक वेळा एकच असतं. लेखाचा मोठा भाग मी त्या एकाच कारणावर खर्च करणार आहे, कारण मी स्वतः तिथे फार काळ अडकून पडलो होतो आणि तेव्हा कुणी ते नीट उलगडून दाखवलं नव्हतं.

हे उदाहरण घ्या: १/क्ष < २.

हात आपोआप चालतो. दोन्ही बाजूंना क्ष ने गुणलं, १ < २क्ष, म्हणून क्ष > १/२. दोन ओळींत काम संपलं. आता क्ष = −५ ठेवून बघा. १/(−५) म्हणजे −०.२, आणि ते २ पेक्षा लहान आहेच. म्हणजे −५ उत्तरात हवं होतं. नुसतं −५ नाही, शून्याच्या डावीकडच्या झाडून सगळ्या संख्या उत्तरात हव्या होत्या, आणि त्या गेल्या.

गेल्या कुठे? क्ष ने गुणताना आपण मनातल्या मनात ठरवून टाकलं की क्ष धन आहे. प्रश्नात तसं कुठेही म्हटलेलं नव्हतं. समोर −३ दिसलं की चिन्ह उलटायचं हे सगळ्यांना आठवतं. क्ष च्या आधी वजा दिसत नाही, म्हणून आठवत नाही. पण क्ष धन आहे की ऋण, हेच तर आपण शोधायला बसलेलो असतो!

काहींना वाटतं की या चुकीने फार तर थोडी उत्तरं सुटतात. तसं नाही, खोटी उत्तरं आतही येतात. (क्ष + १)/(क्ष − ३) ≥ २ हे घ्या. छेदाने गुणलं तर क्ष + १ ≥ २क्ष − ६, म्हणजे क्ष ≤ ७. आता क्ष = ० ठेवा. डावी बाजू −१/३ येते. ती २ पेक्षा मोठी कशी असेल? तरी आपल्या उत्तरात शून्य बसलेलं आहे, −१०० आहे, आणि ३ सुद्धा आहे, जिथे छेदच शून्य होतो.

बरोबर रीत अशी. काहीही गुणू नका, सगळं एका बाजूला आणा. (क्ष + १)/(क्ष − ३) − २ ≥ ०. समान छेद घेतला की (७ − क्ष)/(क्ष − ३) ≥ ०. आता प्रश्न फक्त चिन्हाचा उरला: हा अपूर्णांक केव्हा धन, केव्हा ऋण, केव्हा शून्य? संख्यारेषेवर ३ आणि ७ मांडा. तिन्ही तुकड्यांतून एकेक संख्या ठेवून पाहा. ० ठेवलं तर ऋण, ५ ठेवलं तर धन, १० ठेवलं तर पुन्हा ऋण. ७ चालतं, कारण तिथे शून्य येतं आणि आपल्याला ≥ हवं आहे. ३ कधीच चालत नाही. उत्तर (३, ७], म्हणजे ३ वगळून (गोल कंस) आणि ७ धरून (चौकोनी कंस) मधल्या सगळ्या संख्या.

छेदातून आलेल्या बिंदूला नेहमी गोल कंस आणि संख्यारेषेवर नेहमी पोकळ टिंब, मग प्रश्नात ≥ असो नाहीतर ≤. हे विसरलं तर बाकी सगळं बरोबर असूनही गुण जातात.

छेदाने गुणायचंच असेल तर दोन सुरक्षित वाटा आहेत. एक, क्ष > ३ आणि क्ष < ३ असे दोन भाग पाडून दोन्ही वेगळे सोडवा. दोन, छेदाच्या वर्गाने, म्हणजे (क्ष − ३)² ने गुणा, कारण क्ष ३ नसेल तर तो वर्ग धनच असतो. दोन्ही बरोबर आहेत. मला मात्र एका बाजूला आणण्याचीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिच्यात काही लक्षात ठेवावं लागत नाही. भाग पाडण्याच्या पद्धतीत मिळालेलं उत्तर पुन्हा त्या भागाच्या अटीशी ताडून पाहायला मुलं हमखास विसरतात.

हाच सापळा वेष पालटून येतो, म्हणून आणखी काही ठिकाणं दाखवतो.

वर्ग करणं. −५ < २ खरं आहे, पण वर्ग केले की २५ आणि ४, दिशा पालटली. √(क्ष + २) ≥ क्ष सोडवताना सरळ वर्ग केला तर क्ष + २ ≥ क्ष², म्हणजे −१ ते २. पण क्ष = −२ ठेवा: ० ≥ −२, अगदी खरं. वर्गमूळ कधी ऋण नसतं, म्हणून उजवी बाजू ऋण असेल तर वर्गमूळ अस्तित्वात आहे एवढंच पुरे. खरं उत्तर [−२, २]. दोन्ही बाजू ऋण नाहीत याची खात्री असेल तरच वर्ग करा.

लॉगॅरिदम. (१/२)ⁿ < १/१००० यात घातांक n, म्हणजे न, किती हवा? दोन्हीकडे लॉग घेतला आणि log(१/२) ने भागलं. log(१/२) ऋण आहे! वजाचं चिन्ह दिसत नाही, पण ते आत दडलेलं आहे. दिशा उलटल्याशिवाय भागलं तर न दहापेक्षा लहान हवा असं भलतंच उत्तर येतं. २ चा दहावा घात १०२४ हे आठवा, म्हणजे न किमान १० हवा हे लगेच पटतं.

वर्ग असलेला अवयव. (क्ष − २)²(क्ष − ५) ≥ ० इथे बरेच जण (क्ष − २)² धन आहे म्हणून खोडून टाकतात आणि क्ष ≥ ५ लिहितात. तो धन आहे खरा, पण क्ष = २ असताना शून्य आहे, आणि शून्य चालतं. उत्तरात क्ष ≥ ५ आणि त्यापासून दूर एकटा उभा असलेला २, दोन्ही हवेत.

केवलमूल्य नववीत झालंच आहे, त्यावर फार थांबत नाही. |क्ष − ४| < ३ म्हणजे ४ पासून ३ पेक्षा कमी अंतर, म्हणून १ ते ७ च्या मधले. अंतराची ही भाषा धरली की पुरतं. फक्त क्ष² > ९ चं उत्तर ‘३ < क्ष < −३’ असं एका दमात लिहू नका. ते दोन वेगळे तुकडे आहेत, क्ष < −३ किंवा क्ष > ३.

आता शॉर्टकटविषयी. क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात ‘वेव्ही कर्व्ह’ शिकवतात: मुळं संख्यारेषेवर मांडा, उजवीकडून प्लसने सुरुवात करा, प्रत्येक मुळाला चिन्ह बदला. पद्धत उत्तम आहे, मी स्वतः वापरतो. पण तिला अटी आहेत. प्रत्येक अवयवात क्ष चा सहगुणक धन हवा आणि समघात असलेल्या अवयवापाशी चिन्ह बदलत नाही. वरच्या (७ − क्ष)/(क्ष − ३) वर डोळे मिटून ही पद्धत लावली तर उत्तर बरोब्बर उलटं येतं. आधी (क्ष − ७)/(क्ष − ३) ≤ ० असं करून घ्यावं लागतं, आणि ते करताना चिन्ह उलटावं लागतं. फिरून तिथेच आलो. पद्धत देऊन अट न देणारा शिक्षक कितीही नावाजलेला असो, त्याच्यामुळे तुमचं नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे. ‘का’ विचारल्यावर ‘आत्ता एवढं कर, पुढे कळेल’ असं उत्तर मिळालं, तर त्या संध्याकाळी स्वतः दोन-चार संख्या ठेवून कारण शोधा. मोठ्या बॅचमध्ये शंका विचारायची भीती वाटते, हे मला माहीत आहे. आपल्याच वर्गातला एखादा शांतपणे समजावणारा मित्र कित्येकदा जास्त उपयोगी पडतो.

आलेखाकडे येऊ. दहावीच्या पहिल्याच प्रकरणात दोन चलांच्या रेषा काढल्यात, त्यामुळे रेषा ही अडचण नाही. < किंवा > असेल तर रेषा तुटक, ≤ किंवा ≥ असेल तर अखंड. अडचण आहे कोणती बाजू रंगवायची ही. इथेही एक शॉर्टकट तोंडोतोंडी फिरतो: ‘लहान म्हणजे रेषेच्या खालची बाजू, मोठं म्हणजे वरची.’ क्ष − २य ≤ ४ वर तो लावून बघा. आरंभबिंदू (०, ०) ठेवला तर ० ≤ ४, खरं. पण ही रेषा य-अक्षाला −२ वर छेदते, म्हणजे आरंभबिंदू रेषेच्या वर आहे. रंगवायची वरची बाजू, आणि चिन्ह मात्र ‘लहान’. कारण तेच: य चा सहगुणक −२ आहे, य एकटा करायला त्याने भागावं लागतं आणि दिशा उलटते.

म्हणून बिंदू ठेवूनच बाजू ठरवा. आरंभबिंदू सर्वांत सोपा. रेषाच आरंभबिंदूतून जात असेल, जसं य > २क्ष, तर (१, ०) घ्या: ० > २ खोटं, म्हणजे (१, ०) ज्या बाजूला आहे तिच्या समोरची बाजू रंगवायची.

हे पक्कं झालं की बारावीचं लिनिअर प्रोग्रामिंग, म्हणजे अशा अटी पाळून एखाद्या राशीची जास्तीत जास्त किंवा कमीत कमी किंमत काढणं, खरोखर सोपं जातं. घाबरू नका, तिथे नवं फारसं काही नाही. समजा २क्ष + ३य ≤ १२, २क्ष + य ≤ ८, क्ष ≥ ०, य ≥ ० आणि ५क्ष + ४य जास्तीत जास्त करायचं आहे. चारही अटी पाळणारा प्रदेश म्हणजे (०, ०), (४, ०), (३, २), (०, ४) या कोपऱ्यांचा चौकोन. किंमती अनुक्रमे ०, २०, २३, १६. उत्तर २३. घाईत मुलं रेषांचे अक्षांवरचे सगळे छेदनबिंदू कोपरे म्हणून घेतात. (६, ०) ला ३० येतं, (०, ८) ला ३२ येतं, आणि मोठी संख्या बघून तीच लिहिली जाते. पण (६, ०) दुसऱ्या अटीत बसत नाही, १२ काही ८ पेक्षा लहान नाही. आणि (०, ८) पहिल्या अटीत बसत नाही. कोपरा घेण्याआधी तो सगळ्या अटींत ठेवून बघा. जॉर्ज डँट्झिगने १९४७ मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत याच कोपऱ्यांवर उभी आहे. ती एका कोपऱ्यावरून शेजारच्या अधिक चांगल्या कोपऱ्यावर सरकत जाते. शेकडो चलांचे प्रश्नही तिने सुटतात. तुम्ही कागदावर जे करता ते त्याच गणिताचं छोटं रूप आहे, म्हणून ते मन लावून करा.

परीक्षेबद्दल थोडं. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे पर्यायांत किंमत ठेवून पाहणं तिथे रास्त आहे. अशी संख्या निवडा जी एका पर्यायात आहे आणि दुसऱ्यात नाही. ऋण संख्या आणि टोकाचे बिंदू आधी तपासा. बोर्डाला मात्र पायऱ्या लिहाव्या लागतात, तिथे हे चालणार नाही. आणि फक्त पर्यायांवर दोन वर्षं काढलीत, तर फलनाचा प्रांत (क्ष च्या कोणत्या किमतींना फलन अस्तित्वात असतं ते) काढायची वेळ आली की हात थांबतो. असं होताना मी चांगल्या मुलांना बघितलं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं.

आज रात्री तीन गणितं करा. ३/(क्ष − १) < १: उत्तर क्ष < १ किंवा क्ष > ४ यायला हवं. क्ष² ≤ ५क्ष: क्ष ने भागू नका, उत्तर ० ते ५, टोकं धरून. तिसरं, क्ष² + क्ष + १ < ०. इथे विवेचक −३ येतो, मुळं सापडत नाहीत आणि आपलंच काहीतरी चुकलं असं वाटू लागतं. चुकलेलं नाही. ही राशी क्ष च्या प्रत्येक वास्तव किमतीला धन आहे, म्हणून उत्तर रिक्त संच. ते निर्धास्तपणे लिहा आणि पुढच्या गणिताला लागा.