सोसायटीच्या सामाईक कॉम्प्युटरवर ग्रुप आणि परवानग्या लावताना

खानापूर, निपाणी किंवा बेळगावातल्या लहान सौहार्द (सहकारी) सोसायटीत पिग्मीची, म्हणजे रोजच्या लहान ठेवींची यादी, कर्जप्रकरणं आणि हिशेब एकाच कॉम्प्युटरवर असतील, तर परवानगी माणसाला देऊ नका, ग्रुपला द्या. कारकून पिग्मीवरून कर्जाकडे गेला की त्याला एका ग्रुपमधून काढून दुसऱ्यात घातलं की झालं. नावानिशी परवानग्या दिल्या असतील तर एकेक फोल्डर उघडून त्याचं नाव शोधावं लागतं, आणि एखादं राहतंच.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा आणि लोकल युजर्स अँड ग्रुप्समध्ये जा. विंडोजच्या होम आवृत्तीत हे नसतं, प्रो आवृत्ती लागते. प्रत्येकाचं वेगळं, साधं खातं करा. ॲडमिनचं खातं निराळं ठेवा. रोजचं काम त्यावर मॅनेजरनेही करू नये. मग पिग्मी, कर्ज, हिशेब असे तीन ग्रुप करून त्यांत माणसं घाला. ग्रुपमध्ये घातलेल्याने साइन आउट करून पुन्हा आत यायला हवं. नुसतं लॉक करून उघडलं तर जुन्याच परवानग्या चालू राहतात.

आता फोल्डर. डी ड्राइव्हवरच्या 'कर्ज' फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड असं जा. सिक्युरिटी दिसतच नसेल तर ड्राइव्ह एनटीएफएस (परवानग्या लावता येणाऱ्या) पद्धतीने फॉरमॅट केलेला नाही. वरच्या ड्राइव्हकडून आपोआप येणाऱ्या परवानग्या तोडायला डिसेबल इनहेरिटन्स दाबा, मग दोन पर्याय येतात. त्यातला कन्व्हर्टचा घ्या, म्हणजे आहेत त्या परवानग्या यादीत राहतात आणि बदलता येतात. रिमूव्हचा घेतलात तर सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्ससुद्धा यादीतून जातात. आता युजर्स आणि ऑथेंटिकेटेड युजर्स ही दोन्ही नावं काढा. दुसरं नाव हमखास राहून जातं. डी ड्राइव्हवर त्याला सहसा आधीपासूनच मॉडिफायची (वाचणं, लिहिणं, पुसणं) परवानगी असते, म्हणून सगळं नीट केल्यासारखं वाटूनही फोल्डर सर्वांना उघडाच असतो. मग कर्ज ग्रुप ॲड करून त्याला मॉडिफाय द्या. फुल कंट्रोल नको, त्यात परवानग्या बदलायचा हक्कही मिळतो.

फाइल कुणी पुसू नये म्हणून मॉडिफाय काढून नुसतं रीड आणि राइट द्यायचा मोह होतो. तसं करू नका. एक्सेल सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल लिहितं आणि ती जुनीच्या जागी ठेवतं. पुसण्याचा हक्क नसेल तर सेव्हच अडतं. पुसण्याची धास्ती असेल तर रोजचा बॅकअप हाच उपाय.

डेनायच्या (मनाईच्या) रकान्याला हात लावू नका. मॅनेजर तिन्ही ग्रुपमध्ये आहे आणि तुम्ही पिग्मी ग्रुपला कर्ज फोल्डरवर डेनाय केलंत, तर मॅनेजरही बाहेर पडतो. यादीत नाव नसलं की दार बंदच असतं.

शेवटी ॲडव्हान्स्डमधल्या इफेक्टिव्ह ॲक्सेसमध्ये एकेकाचं नाव घालून खात्री करा. ॲडमिन खात्यातून बंद फोल्डर उघडताना 'कंटिन्यू' विचारलं जातं. ते दाबलं की त्या खात्याचं नाव यादीत कायमचं चढतं. महिन्यातून एकदा यादी पाहून अशी नावं काढावीत.

कुणी नोकरी सोडली तर खातं डिसेबल करा, लगेच डिलीट नको. त्याच नावाने पुन्हा केलेलं खातं विंडोजच्या लेखी नवीनच असतं. जुन्याच्या परवानग्या त्याला मिळत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. सरकारी पत्रं कन्नडमध्ये, सभासदांच्या नोटिसा मराठीत. साध्या खात्यातून घातलेला नुडीचा (कन्नडचा) किंवा मराठीचा फॉन्ट त्याच खात्यापुरता राहतो, दुसऱ्याला पत्र भलत्याच अक्षरांत दिसतं. फॉन्टवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडा आणि ॲडमिनचा पासवर्ड द्या. कीबोर्ड मात्र ज्याचा त्यानेच आपापल्या खात्यात जोडायचा.