कोड लिहायच्या आधी खाड्यांची वही मागा

लालबाग-परळमध्ये घरून डबे देणाऱ्या बायकांसाठी हिशेबाचं ॲप करायचं मनात आलं, तेव्हा ठरवलं की सहा आठवडे कोडची एक ओळही लिहायची नाही. आधीच्या ॲपवर माझे आठ महिने गेले होते आणि वापरायला कुणीच आलं नव्हतं. तुमच्या डोक्यात असं काही घोळत असेल, तर आधी माणसांकडे जा.

जायची वेळ बघून जा. डबे करणाऱ्या घरात सकाळी पाऊल ठेवू नये, दुपारी तीननंतर भांडी आवरली की बोलायला सवड असते. लॅपटॉप घरीच ठेवा.

‘असं ॲप आलं तर वापराल का?’ हे मात्र विचारू नका. पहिल्या तीन घरांत मी विचारलं. तिघीही म्हणाल्या, ‘हो रे बाळा, वापरू की.’ उन्हातून आलेल्या पोराला नाही कोण म्हणणार? त्या होकारावर धंदा उभा राहत नाही. घडून गेलेलं विचारा. मागच्या महिन्यात खाडे कसे मांडलेत? बिलावरून कुणाशी वाजलं का? वही दाखवता?

करी रोडच्या एका मावशींकडे वहीसुद्धा नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाड्याच्या तारखेला फुली, शेजारी गिऱ्हाइकाचं आद्याक्षर. बावीस डब्यांचा महिन्याचा हिशेब त्यांनी माझ्यासमोर वीस मिनिटांत केला. ज्या त्रासावर मी औषध आणलं होतं, तो त्यांना नव्हताच.

मी काही न बोलता बसून राहिलो. हे अवघड जातं, पण जमवा. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, ‘हिशेबाचं काय नाय रे. रात्री साडेअकराला मेसेज टाकतात, उद्या डबा नको. मी पाचला कणीक मळते, मोबाइल बघते सातला. मग पोळ्या उरतात.’ पुढच्या चार घरांतही हेच ऐकलं. हिशेबाचं ॲप मी तिथेच सोडलं.

यानंतरही कोड नको. महिनाभर ते काम स्वतः हाताने करा. पाच जणींच्या गिऱ्हाइकांना मी माझा व्हॉट्सॲप नंबर दिला. रात्री दहापर्यंत आलेले खाडे एक्सेलमध्ये उतरवायचे आणि प्रत्येकीला एकच ओळ पाठवायची: ‘उद्या 19 डबे, 76 पोळ्या.’ पहाटे पाचला मिस्ड कॉल, म्हणजे मेसेज बघितला जाईल. 1999 मध्ये अमेरिकेत निक स्विनमर्न यांनी बूट ऑनलाइन विकायला घेतले, तेव्हा गोदाम नव्हतं. जवळच्या दुकानांतल्या बुटांचे फोटो साइटवर टाकायचे, ऑर्डर आली की दुकानातून विकत घेऊन पाठवायचे. त्यातून पुढे झॅपोस ही कंपनी उभी राहिली.

हाताने केल्यामुळेच मला कळलं की खाडा बहुतेक वेळा व्हॉइस नोटवर येतो, आणि ‘दहानंतरचा खाडा धरणार नाही’ हे मावशींनी स्वतः सांगितल्याशिवाय कुणी वेळ पाळत नाही. वेगळं ॲप उतरवून घ्यायला एकही गिऱ्हाईक तयार नव्हतं. जे करायचं ते व्हॉट्सॲपवरच.

शेवटी पैसे मागा. किती जणींनी दिले तर पुढे जायचं, तो आकडा मागण्याआधी कागदावर लिहा, नंतर मन पळवाटा काढतं. मी लिहिलं होतं: बारापैकी सहा, प्रत्येकी 200 रुपये आगाऊ. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणजे नाही असंच धरा. सात जणींनी दिले, पाच यूपीआयने, दोघींनी रोख.

रोख देताना एकीने विचारलं, ‘गणपतीत अर्धी गिऱ्हाइकं कोकणात जातात. दहा-दहा दिवसांचा खाडा एकदम टाकता येईल ना?’ त्या रात्री कोड लिहायला बसलो, तो तिथूनच.