कांद्याच्या भावावर एक्सेलचा तास, आणि मग स्पर्धा

कॉम्प्युटरच्या तासाला फळ्यावर सीपीयूचं चित्र काढून "लिहून घ्या" म्हणायचं, हे मीपण दोन वर्षं केलंय, पोरांनी पाठ केलं, पेपर लिहिला, विसरली. आमची शाळा निफाड तालुक्यात, निम्म्या घरांत कांदा नाहीतर द्राक्षं, मग म्हटलं लासलगावचे भावच घेऊया की.

तर दोन-दोनच्या जोड्या करा. आठवडाभर रोज बाजार समितीचा किमान, कमाल आणि सरासरी भाव वहीत, पेपरातून घ्या नाहीतर घरी विचारा, क्विंटलला किती ते. शनिवारी तेच शीटमध्ये भरायचं, एक्सेल नसेल तर लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे, मस्त चालतं. रविवारी लिलाव नसतो, तिथे हमखास कोणीतरी शून्य टाकतं आणि ॲव्हरेज धाडकन खाली येतं. लगेच सांगू नका. "एवढा भाव पडला असता तर तुझे पप्पा घरी काय म्हणाले असते?" एवढंच विचारा, त्या दिवसाचा खाना रिकामा ठेवायचा हे पोरं स्वतःच शोधतात.

स्पर्धा टायपिंग स्पीडची घेऊ नका प्लीज, ज्याच्या घरी लॅपटॉप तोच जिंकतो. मी चुका घातलेली शीट देते. एका खान्यात "१८०० रु." असं लिहिलेलं, म्हणजे तो आकडा राहत नाही, मजकूर होतो आणि बेरजेत धरलाच जात नाही (ओळखायची खूण, आकडा आपोआप उजवीकडे जातो, हा डावीकडे चिकटलेला दिसतो). कुठे शून्याच्या जागी इंग्रजी ओ, कुठे बेरजेत शेवटची ओळच नाही, आणि सगळ्यात खतरनाक म्हणजे नुसता भावाचा कॉलम सॉर्ट केलेला, तारखा जागच्या जागी, त्यामुळे सोमवारचा भाव गुरुवारी. वेळ २० मिनिटं. चूक सापडली १ मार्क, का चूक ते सांगितलं तर २. दर ५ मिनिटांनी माउस दुसऱ्याकडे, ज्याच्याकडे नाही त्याने फक्त बोलायचं, हा नियम मोडला की मी मार्क कापते, नाहीतर एकच पोरगा सगळं करतो आणि दुसरी नुसती बघत बसते. बक्षीस मिसळ.

असाच एक तास फसवणुकीच्या मेसेजचा घ्या. "द्राक्षाचा ॲडव्हान्स पाठवलाय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असे चार-पाच खरे-खोटे मेसेज कागदावर लिहून वाटा, खोटा कुठला आणि कशावरून ते जोडीने सांगायचं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि फसलोच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, ही दोन वाक्यं घरी जाऊन सांगणं हाच गृहपाठ.

स्क्रॅच (रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम करायचा) पाचवी-सहावीला छान, नेट नसेल तर ऑफलाइन ॲप पेनड्राइव्हवरून टाकून घ्या.

आणि लाईट गेली तर, जाणारच, मैदानात खडूने चौकोन आखा, एक जण रोबो, बाकीच्यांनी "दोन पुढे, उजवीकडे वळ" अशा सूचना आधीच कागदावर लिहून द्यायच्या, मध्ये बोलायचं नाही. रोबो भिंतीवर आपटला की सगळे आपोआप कागद परत वाचायला लागतात.